तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सरीचे ३० तास फुकट, मग पूर्णवेळ नोकरी धरू का?

इंग्लंडमधली मराठी मंडळी हे हमखास विचारतात. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आई-वडिलांना नऊ महिन्यांच्या बाळापासून सरकारकडून आठवड्याला ३० तास मिळतात, त्यामुळे जास्तच. धरा की, पण आधी हिशेब मांडा.

३० तास मिळतात ते वर्षातले ३८ आठवडे, म्हणजे शाळेच्या सत्रापुरते. एकूण ११४० तास. ऑफिसला उन्हाळी सुट्टी नसते, म्हणून अनेक नर्सऱ्या ते ५१ आठवड्यांवर पसरतात; मग आठवड्याला येतात जेमतेम २२. आठ ते सहा असा दहा तासांचा दिवस धरला तर पदरात दोन दिवस आणि वर दोन तास! बाकीचे दिवस पूर्ण दराने, शिवाय जेवणाचे आणि नॅपीचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. चौथ्या दिवसाचा पगार नर्सरीतच जाणार असेल तर कोण कशाला चौथा दिवस घेईल? इथे तीन-चार वर्षांच्या मुलांना १५ तासच मोफत होते, तेव्हाही आयांच्या नोकरीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. मूल रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गाला, दिवसभर जाऊ लागलं की मात्र दिसला.

घोळ होतो तो तारखांचा. बाळाला नऊ महिने झाले की लगेच तास सुरू होत नाहीत, पुढचं सत्र लागतं. २ सप्टेंबरला नऊ महिने झाले तर थेट जानेवारी, आणि त्यासाठी कोड (ऑनलाइन अर्ज केल्यावर सरकारकडून मिळणारा पात्रतेचा नंबर) ३१ डिसेंबरच्या आत हातात हवा. मग दर तीन महिन्यांनी ऑनलाइन जाऊन 'अजून नोकरी आहे' हे कळवायचं. ते राहिलं की कोड बाद.

दोघांच्याही व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल तर ३० तास विसराच. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सगळ्यांना मिळणारे १५ तेवढे तुमचे. एकाला आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला की दार उघडतं.

आणि पगार. दोघांनीही प्रत्येकी आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकं तरी कमवायला हवं. वर मर्यादा १,००,००० पौंडांची, तीही माणशी: दोघांचे ९९-९९ हजार चालतात, पण एकाचे १,००,००१ झाले की सगळं गेलं. अजब न्याय, पण आहे. बोनसमुळे रेषा ओलांडली जात असेल तर वरची रक्कम ५ एप्रिलच्या आत पेन्शनमध्ये टाका. ती या उत्पन्नातून वजा होते.