पाचपैकी पाच : बांधकाम मजुरांच्या सुरक्षेवर प्रबंध लिहिताना

बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधासाठी मी मजुरांचे आरोग्य आणि सुरक्षितता हा विषय घेतला, तेव्हा प्रश्नावली भरून घ्यायची, आकडेमोड करायची आणि शेवटी शिफारशी लिहायच्या, एवढाच आवाका डोळ्यांसमोर होता. साइटवर जाण्याच्या परवानगीतच निम्मे सत्र जाईल, असे वरच्या वर्गातल्यांनी बजावले होते आणि ते खरे निघाले. तीन ठिकाणी पत्रे दिली. दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही आणि पुण्यात बाणेरजवळच्या तिसऱ्या साइटने, कंपनीचे नाव कुठेही येणार नाही असे लेखी दिल्यावर, सव्वा महिन्याने होकार दिला.

पहिल्या दिवशी सेफ्टी ऑफिसरांनी जेवणाच्या सुट्टीत 14 जणांना ओळीने बसवले आणि स्वतः शेजारी उभे राहिले. उत्तरे एक ते पाच या श्रेणीत द्यायची होती. हेल्मेट मिळते का? पाच. बेल्ट वापरता का? पाच. संध्याकाळी ते सारे एक्सेलमध्ये भरल्यावर रकाने वरपासून खालपर्यंत पाचांनीच भरले. प्रश्नावलीची विश्वासार्हता क्रोनबाखच्या अल्फाने तपासायची होती, पण उत्तरांत काहीच फरक नसला तर त्या सूत्रात शून्याने भागण्याची वेळ येते. मार्गदर्शक सरांनी कागद चाळून एवढेच म्हटले, ‘अरे, हे 14 फॉर्म नाहीत, एकाच माणसाचा एक फॉर्म आहे.’

मग साइट सोडून संध्याकाळी लेबर कॅम्पवर, म्हणजे मजुरांच्या वस्तीवर, जायला लागलो. तिथे अडले ते संमतिपत्रावर. लातूरकडचे एक वयस्क गवंडी कागद उलटसुलट करून म्हणाले, ‘सही कशाला पाहिजे? पैसे मिळाले असं लिहिलंय का ह्यात?’ त्यांची शंका अगदी रास्त होती. मजुराकडून सही किंवा अंगठा एरवी त्याचसाठी घेतला जातो. विभागाला विचारून मी साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची मुभा मिळवली आणि पाचांची श्रेणीही काढून टाकली.

‘अपघात झाला का?’ या प्रश्नाला सगळे नाहीच म्हणत, कारण त्यांच्या लेखी अपघात म्हणजे कोणी तरी मेले किंवा दवाखान्यात गेले. ‘काल काय लागलं?’ असे विचारल्यावर मात्र त्याच गवंडीमामांनी तळहात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सिमेंटने खाल्ली होती आणि तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) 12 च्या वर, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, शिवाय त्यातल्या क्रोमियमची काहींना ॲलर्जी होते. साइटवर हातमोजे दिले जात होते, पण सुती. ते भिजले की सिमेंट हातालाच धरून ठेवतात, म्हणून मामांनी ते काढून टाकले होते. नोंदवहीत मात्र ‘हातमोजे दिले’ हे खरेच होते.

बेल्टचेही तसेच. कमरेला बेल्ट असे, हूक मोकळा लोंबत असे. मी तो निष्काळजीपणा म्हणून नोंदवणार होतो, तेवढ्यात एका सेंट्रिंगवाल्याने विचारले, ‘अडकवू कशाला?’ स्लॅबच्या कडेला हूक अडकवायची दोरी, म्हणजे लाइफलाइनच, बांधलेली नव्हती. धोका आधी मुळातून काढावा, ते जमले नाही तर कठडा-जाळीने अडवावा आणि अंगावरच्या साधनांवर शेवटी भिस्त ठेवावी, हा वर्गात शिकवलेला क्रम मला तेव्हा कुठे उमगला.

प्रबंधात कॅम्पचे प्रकरण नंतर वाढवले. 29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले, ते कामावर नव्हते, झोपलेले होते. फक्त कामाचे तास मोजणाऱ्या माझ्या मूळ आराखड्यात ते कुठेच बसले नसते. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखाली कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, हेही विचारू लागलो. त्यासाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि मुकादम बदलत राहिला की तो कोणाकडे मागायचा, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक खोलीत ऐकायला मिळाला.

शेवटी कॅम्पवरच्या मुलाखतींवर प्रबंध उभा राहिला. पहिले 14 फॉर्म टाकून द्यावेत असे मित्रांचे मत होते. मी ते परिशिष्टात जसेच्या तसे जोडले, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते त्याच पानांवर.