ओळखखुणा : निरंक

‘सिन सेन्यास पार्तिक्युलारेस’ या मेक्सिकन सिनेमाची मराठी सबटायटल्स मी आमच्या छोट्या फिल्म क्लबसाठी करत होते. संवाद मोजकेच, त्यामुळे काम आठवड्यात हातावेगळं होईल असं धरून चालले होते. संवाद झालेही. अडलं ते शीर्षक, आणि त्यापायी एका गुरुवारी दुपारी मी पोलीस चौकीत जाऊन बसले.

फर्नांदा वालादेसचा हा पहिला मोठा सिनेमा, २०२० सालचा. आस्त्रिद रोन्देरो सहलेखिका आणि कॅमेऱ्यामागे क्लाउदिया बेसेर्रिल. ग्वानाह्वातोतल्या खेड्यातली मागदालेना. तिचा पोरगा हेसुस मित्राबरोबर अमेरिकेच्या वाटेला लागतो आणि पुढे त्याची काही खबर येत नाही. दोघांच्या आया सरकारी कार्यालयात जातात. तिथे मृतदेहांचे फोटो बघायला देतात. मित्र चेहऱ्यावरच्या डागावरून ओळखू येतो. हेसुसचा मात्र काहीच माग नाही. ‘सेन्यास पार्तिक्युलारेस’ म्हणजे सरकारी नोंदीतल्या अंगावरच्या विशेष खुणा. ‘सिन’ म्हणजे त्यांच्याविना.

माझ्या वहीत ‘खुणेवाचून’, ‘बिनखुणेचा’, ‘ओळखीपलीकडे’ असं बरंच खोडलेलं होतं. सगळी कवितासंग्रहांची नावं वाटत होती. मूळ शब्द कोरडे आहेत, रकान्यातले आहेत. एका आईचं अख्खं पोर त्या रकान्यात बसवायचं असतं.

चौकीतल्या हवालदारांनी आधी माझंच कोणी हरवलंय असं समजून खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. खरं कारण सांगितल्यावरही ते वैतागले नाहीत. मिसिंगचा कोरा नमुना काढून त्यावर बोट फिरवत गेले : उंची, बांधा, रंग, नाक, केस, अंगातले कपडे, बोलीभाषा. मग ओळखीच्या खुणा.

“आणि खूण नसलीच तर?”

“निरंक,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण आया सांगतात हो काहीतरी. मानेमागचा तीळसुद्धा ठाऊक असतो त्यांना.”

परत येताना रिक्षात सबटायटल्समधलं दुसरं एक कोडं सुटलं. मेक्सिकोत बेपत्ता माणसांचा अधिकृत आकडा २०२२ मध्ये एक लाखावर गेला. आया गट करून रानोमाळ फिरतात, जमिनीत लोखंडी सळई खुपसतात आणि बाहेर काढून तिचा वास घेतात. तिथे माणूस ‘नाहीसा झाला’ इतकंच म्हणत नाहीत. त्याला ‘नाहीसा केला’ असंही म्हणतात. मराठीत हे क्रियापद आयतं आहे आणि मी मात्र जिथे तिथे ‘बेपत्ता’ लिहून करणाऱ्याला सोडून दिलं होतं. रात्री बसून अशा साऱ्या जागा बदलल्या. अधिकाऱ्याच्या तोंडचं ‘मावशी’ही काढलं. त्याच्या ‘सेन्योरा’त तेवढी माया नाही. ‘बाई’ केलं.

वालादेससारख्या मेक्सिकन दिग्दर्शिकांचं काम मला इतकं जवळचं वाटतं ते त्या कॅमेरा कुठे ठेवतात त्यामुळे. तातियाना उएसोच्या ‘नोचे दे फुएगो’त पळवून नेऊ नयेत म्हणून मुलींचे केस मुलांसारखे कापतात आणि टोळीच्या गाड्या आल्या की आई लेकीला अंगणात खणलेल्या खड्ड्यात लपवते. लिला आविलेसच्या ‘तोतेम’मध्ये एकच दिवस आहे, आजारी बापाच्या वाढदिवसाचा, सात वर्षांच्या मुलीच्या नजरेतून. बंदुकीमागे धावणारे सिनेमे मी पुष्कळ पाहिले. मागे राहिलेल्या बाईला कागदावर सही करायला सांगतात आणि तिला तो कागद वाचता येत नाही, हे मी मागदालेनाबरोबर पाहिलं. त्या प्रसंगाला मी सबटायटल लिहायची थांबले होते, डोळे पुसून पुन्हा बसले.

शीर्षकाची पट्टी शेवटी टाकली : ‘ओळखखुणा : निरंक’. वाचायला दोन सेकंद पुरतात. मी चार ठेवले.