पावती खिशातच होती

चौतीस वर्षं मी अकाउंट्सला काढली. कुठल्याही गोष्टीत थकलेलं बिल आलं की माझे कान टवकारतात, मग ते बिल अडीचशे वर्षांपूर्वीचं का असेना.

लेकीकडे बॉस्टनला गेले होते, तेव्हा एका रविवारी तिनं मला ओल्ड स्टेट हाउससमोर नेऊन उभं केलं. विटांची बुटकी इमारत, माथ्यावर इंग्लंडच्या राजाचे सिंह आणि युनिकॉर्न, पोटात चक्क मेट्रोचं स्टेशन. बाल्कनीच्या पुढ्यात फरसबंदीत दगडांचं एक गोल रिंगण केलंय. १७७० च्या ५ मार्चला जवळच इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली.

मला वाटलं, करावरून झालं असणार. शाळेत तेवढंच शिकलो होतो. आणि ते खोटंही नाही. फ्रान्सशी युद्ध करून इंग्लंड कर्जात बुडालं होतं, ते अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींकडून थोडंफार वसूल करावं म्हणून १७६५ मध्ये स्टॅम्प कर आला. वर्तमानपत्रं, दस्तऐवज, इतकंच काय पत्त्यांच्या जोडावरसुद्धा. लोकांनी एवढा दंगा केला की वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. मग १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांच्यावर जकात. जकात अधिकाऱ्यांना गावात राहणं मुश्किल झालं, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभी राहायला ऑक्टोबर १७६८ मध्ये पलटणी उतरल्या. गाव जेमतेम सोळा हजारांचं. कोपऱ्याकोपऱ्यावर लाल कोट.

इथपर्यंत पुस्तकी. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. शिपायांना पगार इतका तुटपुंजा की सुटीच्या वेळात ते गावात मिळेल ते काम करायचे, तेही स्थानिकांपेक्षा कमी मजुरीत. म्हणजे ज्यांच्यावर बंदूक रोखायची, त्यांच्याच पोटावर पाय. २ मार्चच्या शुक्रवारी असाच एक शिपाई दोरखंडाच्या कारखान्यात गेला. एका कामगारानं विचारलं, काम हवंय का? हा हो म्हणाला. मग आमचा संडास साफ कर, असं उत्तर मिळालं. तिथून जी मारामारी पेटली ती सोटे आणि तलवारींपर्यंत गेली. तिच्यात मॅथ्यू किलरॉय नावाचा शिपाई होता आणि सॅम्युएल ग्रे नावाचा दोरखंडवाला.

सोमवारी संध्याकाळी, बर्फ पडलेलं असताना, जकात कचेरीसमोर एकच पहारेकरी उभा होता. विग बनवणाऱ्याच्या दुकानातला एक शिकाऊ पोरगा, एडवर्ड गॅरिक, समोरून जाणाऱ्या गोल्डफिंच नावाच्या अधिकाऱ्याकडे बघून ओरडला की यानं आमच्या मालकाचे पैसे दिले नाहीत. अधिकाऱ्यानं लक्षच दिलं नाही. पहारेकऱ्याला मात्र राहवलं नाही. शब्दानं शब्द वाढला आणि त्यानं पोराच्या डोक्यात बंदूक हाणली.

पोरगा रडायला लागला, माणसं जमली, चर्चच्या घंटा वाजल्या. अवेळी घंटा म्हणजे आग, म्हणून काही लोक बादल्या घेऊन धावले. पहारेकऱ्याच्या मदतीला कॅप्टन प्रेस्टन सात जणांना घेऊन आला. वरून बर्फाचे गोळे, ‘झाडा ना, झाडा’ अशी चिथावणी. आणि इंग्रजीत आगीला आणि गोळी झाडायला शब्द एकच, फायर! कोण काय ओरडलं याचा खटल्यातही पुरता उलगडा झाला नाही. एक शिपाई धक्का लागून पडला, उठला आणि त्यानं चाप ओढला. क्रिस्पस ॲटक्स हा खलाशी जागीच गेला. सॅम्युएल ग्रेही गेला. त्याला मारल्याचा आरोप कुणावर आला? किलरॉयवर. तीन दिवसांपूर्वीचाच तो हिशेब!

गोल्डफिंचनं नंतर सांगितलं की पैसे त्यानं आधीच चुकते केले होते, पावतीही खिशात होती. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मालकानं पैसे जमा करून पोराला सांगितलं नसेल का? आमच्या टेबलावर अशा चुका महिन्याला दोन-चार व्हायच्या. फार तर साहेब ओरडायचे.

शिपायांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सनं घेतलं, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. सहा सुटले, किलरॉय आणि आणखी एकाच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडून दिलं. बॉस्टनच्याच पॉल रिव्हिअर नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरानं छापलेल्या चित्रात मात्र शिपाई एका रांगेत शिस्तीत उभे आहेत आणि कॅप्टन तलवार उगारून हुकूम देतोय. बर्फाचा पत्ता नाही. खप तुफान.

गंमत बघा, त्याच ५ मार्चला लंडनला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ संसदेत ते १७६७ चे कर मागे घ्यायचा प्रस्ताव मांडत होता. फक्त चहावरचा, पौंडभर वजनामागे तीन पेन्सचा, तेवढा राहू दिला. हक्क सोडला असं दिसायला नको ना! रक्कम किरकोळ असली की माणसं जास्त अडून बसतात, हे मी चौतीस वर्षं पाहिलंय.

त्याच चहाच्या ३४२ पेट्या १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री गावकऱ्यांनी बंदराच्या पाण्यात फेकल्या. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, तिची भरपाई होईपर्यंत बॉस्टनचं बंदर बंद, असा कायदा करून इंग्लंडनं जून १७७४ पासून ते बंद पाडलं. बंदरावर जगणारं गाव उपाशी राहायला तयार झालं, पण गावानं ते बिल भरलं नाही. त्याची पावती कुणाच्याच खिशात सापडायची नाही.