पाहुण्यांना लढायला शिकवताना: आमची वाटचाल

तुमचा मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की माझे वडील अजूनही "कार्टून काढतो" एवढं सांगून विषय संपवतात. ते फारसं चुकीचंही नाही. आम्ही फायटिंग गेममधली पात्रं बनवतो, आणि त्यातही क्रॉसओव्हर गेममधली, म्हणजे निरनिराळ्या गेममधली पात्रं एका रिंगणात आणून लढवायची असतात तिथली. कर्वेनगरात तळमजल्यावरचे दोन जोडगाळे, पेन टॅब्लेट, एक भरवशाचा इन्व्हर्टर आणि फ्रेम मोजून मोजून चष्म्याचा नंबर वाढलेली मुलं-मुली, एवढं आमचं भांडवल.

सुरुवात गेममधून झाली नव्हती. बिल्डरांचे वॉकथ्रू (न बांधलेल्या घरातून फिरवणाऱ्या फिल्म), गोळी पोटात गेल्यावर काय करते हे दाखवणाऱ्या औषध कंपन्यांच्या फिल्म, असल्या कामांवर भाडं निघायचं. एका बिल्डरने काम हातात पडल्यावर फोन उचलणंच बंद केलं, आणि त्या महिन्याचे पगार बायकोची एफडी मोडून झाले. त्याच सुमारास परदेशातल्या एका छोट्या टीमचं काम आलं. त्यांच्या फायटिंग गेमचे स्प्राइट (पात्राच्या हालचालीची एकेक सपाट चित्रं) साफ करायचे होते, म्हणजे कच्च्या रेघांवर पक्की रेघ आणि रंग. पैसे बेताचे, पण ठरल्या तारखेला बँकेत जमा. एलयूटी, म्हणजे निर्यातीसाठीचं हमीपत्र, भरून ठेवला की जीएसटी न लावता डॉलरमध्ये बिल पाठवता येतं, हे ज्ञानही तेव्हाच झालं. वॉकथ्रू मग हळूहळू सुटले.

सफाईचं काम हलकं समजलं जातं, पण आमचं शिक्षण त्यातच झालं. फायटिंग गेममध्ये एका सेकंदाच्या ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, असतात आणि प्रत्येक वार तीन भागांत मोडतो: हात निघण्याची तयारी, लागण्याचा क्षण, आणि हात मागे घेणं. साधा ठोसा तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला लागतो. मोठ्या दणक्याला वीस-पंचवीस फ्रेम द्याव्या लागतात, कारण तो येताना समोरच्याला दिसला पाहिजे. माणसाचा डोळा पाहतो आणि बोट हलतं यात साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे १५ फ्रेम. त्यामुळे चौथ्या फ्रेमचा ठोसा कोणी बघून अडवत नाही, अंदाजाने अडवतो. आमच्या अ‍ॅनिमेटरने खांदा मागे खेचण्याची आठ सुंदर चित्रं काढावीत आणि डिझायनरने त्यातली पाच उडवावीत, हे रोजचंच. आर्ट कॉलेजमधून आलेल्या मुलांना ते पचायला वेळ लागतो.

पुढे दुसऱ्या कामासाठी आम्हाला विचारणा झाली ती क्रॉसओव्हर गेमची, आणि तीही नुसती चित्रं काढायला नाही. पात्रं कोणती घ्यायची, त्यांनी काय करायचं, हे ठरवायलाही आम्ही बसायचं होतं. तेव्हा मी आधीच्या लोकांनी हे कसं केलं ते मुळापासून वाचायला घेतलं.

जपानी गेम डिझायनर मासाहिरो साकुराई यांनी निन्टेन्डोसाठी गेम बनवणाऱ्या एचएएल लॅबोरेटरीत चार जणांच्या मारामारीचा एक नमुना बनवला होता. प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी केलं होतं, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. त्या नमुन्यात पात्रांना चेहरेच नव्हते. खेळ रंगत होता, पण घरी कन्सोलवर खेळणाऱ्याला अनोळखी पुतळ्यांमध्ये जीव गुंतवायला कारण मिळत नव्हतं. मग निन्टेन्डोच्या गेममधले मारिओ, डाँकी काँग, सामुस आणि फॉक्स त्यात घालून पाहिले, निन्टेन्डोला दाखवलं, आणि १९९९ मध्ये सुपर स्मॅश ब्रदर्स बाजारात आला. पात्रं बारा. त्यातही पोकेमॉनमधली जिग्लिपफ आली याचं एक कारण असं की तिचा गोल देह यादीतल्याच कर्बीच्या मॉडेलवरून करता येत होता. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. बजेट बघून पात्र निवडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे एवढ्या मोठ्या घरानेच दाखवून दिलं होतं.

कॅपकॉम या जपानी गेम कंपनीचंही तसंच. १९९६ चा एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर आला तेव्हा मार्व्हलच्या पात्रांचे दोन गेम त्यांनी आधीच केलेले होते, त्यामुळे बरेच स्प्राइट हाताशी होते. २००० च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ मध्ये ५६ पात्रं दिसतात ती अशाच साठ्यावर. मॉरिगन या कॅपकॉमच्याच पात्राचा स्प्राइट तर १९९४ मधला. तो इतकी वर्षं वापरला की कॅपकॉम व्हर्सेस एसएनकेमध्ये नव्याने काढलेल्या पात्रांशेजारी ती दुसऱ्याच गेममधून चुकून आल्यासारखी दिसते. आमच्या ऑफिसात कोणी जुनी फाइल उचलून नव्या कामात डकवली की "मॉरिगन केलीस का?" असं विचारतात.

पण स्वस्तात कोण मिळतं एवढ्यावर यादी होत नाही. क्रॉसओव्हरची यादी म्हणजे लग्नाच्या आमंत्रणांची यादी. ज्यांना बोलावलं ते लक्षात राहत नाहीत, ज्यांना वगळलं ते जन्मभर बोलतात. त्यात आम्ही एकच प्रश्न कडक ठेवला: हे पात्र असं काय करतं जे यादीतलं दुसरं कोणीच करत नाही? लोकप्रियता नंतर. स्मॅशमधलं माझं आवडतं उदाहरण अ‍ॅनिमल क्रॉसिंगच्या गावकऱ्याचं आहे. २००८ च्या ब्रॉल या स्मॅशच्याच भागाच्या वेळी त्याचा विचार झाला आणि हा लढण्यातला नाही म्हणून तो बाजूला ठेवला गेला. २०१४ मध्ये तो आला तो गावात जे करतो तेच घेऊन. झाड लावतो, पाणी घालतो, कुऱ्हाडीने तोडतो. फावड्याने समोरच्याला जमिनीत पुरतो. कोणी काही फेकलं तर ते सरळ खिशात घालतो. त्याच गेममध्ये वी फिटची व्यायाम प्रशिक्षकही आहे, जी योगासनांनी मारते, आणि तिचा सूर्यनमस्कार पूर्ण झाला की सूर्याचा गोळा सुटतो. आमच्याकडची एक मुलगी शाळेत सूर्यनमस्काराच्या स्पर्धेला जायची. तिने ते पाहून शांतपणे विचारलं, "सर, बाकीच्या स्थिती कुठे गेल्या?"

आमच्या यादीतली पात्रं अर्थातच एवढी नामांकित नव्हती. छोट्या टीमच्या छोट्या गेममधली, आपापल्या चाहत्यांपुरती प्रसिद्ध. त्यांतली एक म्हातारी होती, कोड्यांच्या गेममधली. मूळ गेममध्ये ती कोणाला बोटही लावत नाही. कंदील घेऊन चालते, कंदील खाली ठेवते, उजेडाकडे पतंग गोळा होतात, त्या पतंगांनी वाटा उघडतात. बस. पहिल्या मसुद्यात आमच्या अ‍ॅनिमेटरने तिला एक झकास लाथ दिली होती. मूळ टीमचं उत्तर एका ओळीत आलं: ती लाथ मारणार नाही. चार दिवस सगळे फुगून बसले. मग त्याच पोराने कंदिलाचा विचार सुरू केला.

ठरलं ते असं. कंदील हातात असताना म्हातारी हळू चालते, तो खाली ठेवला की पाय मोकळे होतात, पण वारात जोर राहत नाही. ठेवलेल्या कंदिलाभोवती पतंग जमतात आणि जो त्या उजेडात उभा राहील त्याची उडी जड होते. म्हणजे तिच्याशी लढायचं तर आधी कंदिलाची जागा बघायची. जवळच्या वारासाठी शालीचा फटका, पाचव्या फ्रेमला. आणि मोठा दणका म्हणजे वाकून कंदील उचलणं. उचलताना तो वर झुलतो आणि वर जो असेल त्याला बसतो. तयारी २२ फ्रेमची. त्यात दहाव्या फ्रेमपासून ज्योत मोठी होते. समोरच्याला मिळणारी सूचना तीच, वेगळा इशारा द्यावा लागला नाही. नंतर सगळी पात्रं काळ्या रंगात भरून अंगठ्याएवढी करून भिंतीवर लावली, तर म्हातारी आणि दुसरा एक टोपीवाला सारखेच दिसायला लागले. तिचं पोक वाढवलं, कंदील धरणारा हात देहापासून लांब नेला. आता पाठमोरी असली तरी ओळखू येते.

गेम बाजारात आल्यावर सर्वांत जास्त चर्चा तिची झाली, आणि निम्मी चर्चा ती फार त्रासदायक आहे अशी. उजेडाचं वर्तुळ आम्ही दोन अपडेटमध्ये थोडं थोडं आवळलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण "काम महत्त्वाचं, नाव नाही" असा अर्थ काढून काही जण आमच्याकडे येतात. २०१७ च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिटमध्ये मार्व्हलची एक्स-मेन ही टोळी नव्हती. त्यावर कॅपकॉमच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की खेळाडूंना पात्रापेक्षा त्याचं काम हवं असतं, आणि ते काम करणारी दुसरी पात्रं आहेतच. लोक भडकले, आणि माझ्या मते योग्य कारणासाठी भडकले. एक्स-मेनमधल्या मॅग्नेटोसारखा हवेत फिरणारा दुसरा कोणी देता येईलही, पण लोखंड खेचणारा माणूस हवेत का फिरतो हे त्याच्या गोष्टीत आहे. काम आणि ओळख एकाच हालचालीत दिसली तर पात्र झालं. २०१५ मध्ये स्ट्रीट फायटरचा रिऊ स्मॅशमध्ये आला तेव्हा हाडोकेन (त्याच्या हातातून सुटणारा गोळा) एका बटणावर ठेवूनही स्टिक फिरवण्याची जुनी पद्धत त्यांनी शाबूत ठेवली, आणि त्या पद्धतीने टाकला तर तो जोरात लागतो. ज्यांनी नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये नाणी घातली, त्यांच्या अंगठ्याला तो लगेच ओळखू येतो. उलट २०२० मध्ये माइनक्राफ्टचा स्टीव्ह घेतला तर तो ठोकळे रचणार, म्हणजे आधीची सगळी रिंगणं पुन्हा तपासून दुरुस्त करावी लागली. पात्र एक, काम सगळ्या गेमला. आमच्यासारख्याने असला पाहुणा घ्यायचा तर आधी कॅल्क्युलेटर काढायचा.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण या धंद्यात नवीन येणारे तिथेच फसतात. पाहुणं पात्र तुमचं नसतं. हरल्यावरची पोज कशी, रक्त दिसेल का, पोस्टरवर कोणाच्या शेजारी उभं राहील, सगळ्याला मालकाची मंजुरी लागते. २००८ च्या मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसीमध्ये बॅटमॅन-सुपरमॅन कोणाला ठार मारत नाहीत, त्यांना फेटॅलिटीऐवजी सौम्य शेवट दिलाय, तो याच प्रकारातला. आवाजाचे हक्क आणि खर्च वेगळा. २०२१ चा निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉल आला तेव्हा स्पंजबॉबसकट सगळे मुके होते, आवाज पुढच्या वर्षी अपडेटमध्ये आले. आणि करार संपल्यावर काय होणार, हे पहिल्याच पानावर लिहून घ्यावं: मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ ची डिजिटल विक्री २०१३ अखेरीस थांबली ती परवाना संपल्यामुळे, आणि तो गेम पुन्हा विकत मिळायला २०२४ उजाडलं. आम्ही आता पाहुण्याच्या मालकाला ठोक रक्कम कमी आणि विक्रीतला वाटा जास्त देतो, मुदत संपली तरी आधी विकलेल्या प्रतींमध्ये पात्र राहील ही ओळ काढू देत नाही. या एका ओळीसाठी दोन चांगली पात्रं गेली. जाऊ देत.

चाहत्यांच्या याद्या आम्ही वाचतो, पण त्या याद्यांना घाई कळत नाही. स्मॅशमध्ये कोण हवं यावर निन्टेन्डोने २०१५ मध्ये जगभरातून मतं मागवली होती. त्यात किंगडम हार्ट्सचा सोरा सर्वांत वर होता, हे लोकांना कळलं तो ऑक्टोबर २०२१ मध्ये शेवटचा पाहुणा म्हणून जाहीर झाला तेव्हा. त्याच्या हक्कांत डिस्नी आहे. जिथे निन्टेन्डोला एवढी वर्षं लागतात तिथे आमच्या ईमेलला तीन महिन्यांत उत्तर आलं नाही म्हणून कोणी रुसायचं कारण नाही, हे मी दर सोमवारी मीटिंगमध्ये सांगतो.

आता दुसऱ्या गेमचं काम चालू आहे. यावेळी यादीतल्या सगळ्यांना पकड असणार असं आधीच ठरवून टाकलं आहे, म्हणजे ढाल धरून बसलेल्याला उचलून आपटता आलं पाहिजे. नाहीतर बचावाला उतारा राहत नाही आणि खेळ तिथेच थिजतो. नेमका परवा ज्याचा करार झाला तो पाहुणा म्हणजे एक चहाची किटली आहे. हात नाहीत. अ‍ॅनिमेटर म्हणतो झाकणाने पकडू, डिझायनर म्हणतो तोटीतून वाफ सोडून ओढून घेऊ, आणि मूळ मालकाने कालच कळवलंय की झाकण उघडलेलं दाखवायचं नाही.