गोळी कंबरेची, भोक पोटाला

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळीच एका मजुराला बाजेसकट आणलं. पोटात कळ उठलेला माणूस तळमळतो, कूस बदलतो. हा गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडला होता, श्वासही जपून घेत होता. मला भीती वाटली ती त्या निपचितपणाची.

पोटाला हात लावला तर पाटासारखं कडक. उजव्या बरगड्यांवर बोटांनी ठोकलं की खालच्या यकृतामुळे भरीव आवाज येतो. इथे पोकळ वाजत होतं. उभ्याने एक्स-रे काढला. श्वासपटलाखाली हवेची बारीक काळी चंद्रकोर दिसली. म्हणजे भोक पडलं होतं, आणि हवेसोबत आम्लही पोटाच्या पोकळीत सांडत होतं.

बायकोने त्याच्या खिशातून अर्धवट रिकामी पाकिटं काढली. गाठोडी उचलून कंबर धरायची, म्हणून दुकानातली गोळी. दोन महिने, रोज, उपाशीपोटी, काळ्या चहासोबत.

"गोळी त कंबरेची व्हती जी मॅडम. मंग पोट कसं फाटलं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. सलाईन लावता लावता सांगत गेले. जठरात दिवसाला सुमारे २ लिटर रस पाझरतो. त्यातलं आम्ल नि पाचकद्रव्य मांससुद्धा विरघळवतात. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण आतून बुळबुळीत सारवण असतं, तुम्ही घर सारवता तसं, आणि शरीर ते सतत नव्याने घालत असतं. शरीरातली ज्या जातीची रसायनं दुखणं वाढवतात, त्याच जातीची हे सारवणही राखतात. गोळी दोन्हींवर घाव घालते.

"म्हंजे दुखणं गेलं अन् सारवणबी गेलं."

"हो माय, तसंच."

सोबतच्या म्हातारीने ओव्याचं पाणी आणलं होतं, ते अडवलं. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं आणि १०८ बोलावून यवतमाळच्या मेडिकलला पाठवलं. भोक तुरीच्या दाण्याएवढं निघालं. सर्जनने पोटातल्याच चरबीचा पदर त्यावर घेऊन टाके घातले.

टाके काढायला दोघं माझ्याकडे आले. कंबरेसाठी पॅरासिटामॉल दिली, ती गोळी पुन्हा घ्यायची नाही म्हणून बजावलं आणि तीन महिने ओझं उचलायचं नाही असं लिहून दिलं. कागद पदरात बांधताना तिने विचारलं, "मालकाले दाखवला त मानन का जी तो?"

मी मालकाचा फोन नंबर मागून घेतला.