मुंगी ती, आळशी तो

आमच्या फ्रिजशेजारी जे कॅलेंडर लटकतंय ते शेजारच्या मावशींनी दिलेलं. मावशी मूळच्या नवापूरकडच्या, नर्सची नोकरी करून भुसावळात रिटायर झाल्या, दर नाताळात केकच्या डब्यासोबत त्यांच्या चर्चचं कॅलेंडर आमच्याकडे येतंच. प्रत्येक पानावर बायबलचं एक वचन. आणि मे महिन्याच्या पानावर काय असावं, तर "अरे आळशा, मुंगीकडे जा, तिचे वर्तन पाहून शहाणा हो." नीतिसूत्रे, अध्याय 6. सकाळी नऊला डोळे चोळत चहा घ्यायला गेलो की हे समोर. आईला वाचून दाखवलं तर म्हणे, "मी रोज हेच सांगते, मला तर कोणी छापत नाही."

तिचंही बरोबर आहे, कारण मे म्हणजे आमच्याकडे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा महिना. ज्वारी तीन दिवस भिजवायची, मग दळून लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, तो हलवता हलवता खांदे निघून येतात, आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या धोतरावर गोल गोल पसरायचा. त्यामुळे आई, काकू, समोरच्या भाभी अशा सगळ्या पहाटे चारलाच उठलेल्या. भुसावळात मेमध्ये पारा 45 च्या खाली आला तर लोक म्हणतात आज जरा बरंय, दहानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. बिबडे झाले की कुरडया, मग वर्षाचे गहू कोठीत, मग तुरीची डाळ. पुढच्या ओळी मी मोबाइलवर शोधून वाचल्या, मुंगीला कोणी मुकादम नाही, देखरेख करणारा नाही, तरी ती उन्हाळ्यात अन्न साठवते. म्हटलं हे इस्राएलातलं आहे की आमच्या गच्चीवरचं?

तिकडे धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या खरोखरच आहेत, आणि त्या इतकं साठवतात की ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये शेतातल्या मुंग्यांच्या बिळात सापडलेलं धान्य मालकाचं की गोरगरिबांचं याचासुद्धा नियम करून ठेवलाय. पण मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटली. मराठीत मुंगी ती, आणि आळशी मात्र "अरे" म्हणून हाक मारलेला तो. शास्त्रानेही तेच, वारुळात राबणाऱ्या झाडून सगळ्या माद्या, नर काय ते लग्नापुरते. आमच्या घरी यावर फार बोलू नये.

नीतिसूत्रांच्या 26 व्या अध्यायात तर आळशाची जी काही उडवलीये ना! दार बिजागरीवर फिरतं तसा तो अंथरुणावर कूस बदलतो. काम सांगितलं की म्हणतो, रस्त्यात सिंह आहे. ताटात हात घालतो पण तो तोंडापर्यंत न्यायचाही कंटाळा. हे लिहिणाऱ्याने मला एका हातात घाट्याचा चमचा आणि दुसऱ्यात मोबाइल धरून कूलरसमोर बसलेलं पाहिलंय याची मला खात्री आहे. आमच्याकडे सिंह नाही, ऊन आहे, "ऊन फार आहे" एवढं म्हटलं की काहीही टळतं. बायकांना मात्र ते ऊन दिसत नाही, बिबड्यांनाच दिसतं.

मी मावशींना एकदा छेडलंही. म्हटलं, दहा आज्ञांमधे सातव्या दिवशी विश्रांती सांगितलीये, त्यात तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारातला परका, सगळे मोजलेत, बायको कुठंय? मावशी हसल्या, म्हणाल्या, "तू म्हणजे दोघंही आले रे." मग जरा थांबून, "पण रविवारी चर्चहून आल्यावर कुकर मीच लावायचे." आपल्याकडे तरी काय वेगळं, पोळ्याला बैलाला सुट्टी, चुलीवरचं खापर मात्र त्या दिवशी जास्तच तापतं, मांडे कोण करणार.

माझ्याकडे एक हुकमी एक्का होता. अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी एका जातीच्या मुंग्यांना रंगाचे ठिपके लावून पाळत ठेवली, तर जवळपास 40 टक्के मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसून! 2017 साली त्यांनी दाखवलं की कामसू मुंग्या काढून घेतल्या तर या बसलेल्यांतल्याच काही आठवड्याभरात त्यांची जागा घेतात. म्हणजे त्या आळशी नाहीत, राखीव आहेत. मी हे आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "राखीव आहे ना तू? मग जा वर राखणीला, कावळे येऊन राहिले."

गेलो. टाकीच्या सावलीत बसलो, मोबाइल काढला, थोडी डुलकीही झाली असेल. साडेनऊच्या सुमाराला बघतो तर कठड्यावरून काळ्या मुंग्यांची ओळ थेट धोतराच्या काठापर्यंत, आणि एक जण स्वतःपेक्षा मोठा तीळ घेऊन दोनदा पडली, तिसऱ्यांदा चढली.

खालून आईचा आवाज आला, "मुंग्या लागल्या का बघ रे, लागल्या तर खडू ओढ."

"बघून राहिलोय," मी ओरडलो. खोटं नव्हतं. खडू मात्र खाली फ्रिजवर होता आणि जिना चांगलाच तापला होता.