ड्रिलने आउटबोर्ड: फ्रीव्हील जमलं, बोटं सुजली

मंडळी, लागलं! पावसाळाभर पडवीत निजलेलं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) काल कर्लीच्या खाडीत स्टार्टरच्या दोरीला हात न लावता, बॅटरीच्या ड्रिलने चालू झालं.

बेत असा: ड्रिलला सॉकेट (नटावर बसणारी टोपी) लावायचं आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाचा, नट फिरवायचा. गाडं अडलं होतं ते जुन्याच जागी. इंजिन लागलं की सॉकेट सुटत नाही. ड्रिल एक नंबर गिअरला जेमतेम पाचशे आरपीएम. इंजिन पेटून हजाराकडे गेलं की तेच ड्रिलला फिरवायला लागतं. ऑनलाइन मागवलेलं वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला पकडणारं) दोनदा कॉम्प्रेशनला, म्हणजे सिलिंडरातल्या दाबाला, घसरलं, तिसऱ्यांदा फुटलं. खोका मात्र झकास होता.

मग सायकलवाल्याकडे पंक्चर काढताना ट्यूब पेटली. पायडल थांबलं तरी चाक धावतं, मला तरी दुसरं काय हवंय? दोन फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) घेतली. पहिलं वेल्डिंगच्या आचेनेच गेलं, आतल्या खटक्यांच्या स्प्रिंगा नरम पडल्या. दुसऱ्याला ओलं फडकं गुंडाळून थोडे थोडे टाके मारले आणि ड्रिल जोडलं आतल्या बाजूला. कटकटकट... फ्लायव्हील ढिम्म. शेजारचे तात्या जाळं सांधत बसले होते. "दोरी ओढूक हात मोडलेत काय रे?"

सायकलला चेन दातांना ओढते आणि दात हबला. म्हणजे ड्रिल बाहेरच्या दातांना, सॉकेट आतल्या हबला. एवढं कळायला मला दोन दिवस लागले. (आत ग्रीस भरू नका, खटके चिकटतात. पातळ तेल पुरे.)

उलटसुलट करून पुन्हा जोडलं. चोक ओढला, तिसऱ्या खेपेला पेटलं! सॉकेट नुसतं टिकटिकत राहिलं, मी आरामात उचललं. तात्यांनी मान वर केली, एवढंच.

दोन नंबर गिअरच्या भानगडीत पडू नका, वेग मिळतो पण कॉम्प्रेशनपुढे ड्रिल थबकतं. आणि इम्पॅक्ट रेंच सुचवणाऱ्यांनो, ते करून झालंय. अडलं की फिरवायचं सोडून ठोकत बसतं. नट आवळत जातो, फ्लायव्हील दांड्यावर जागी धरणाऱ्या छोट्या पाचरीला (चावीला) धोका.

आता बोटांचं. चौथ्या खेपेला इंजिनाने उलटा झटका दिला. फ्रीव्हील पुढे पळणाऱ्याला सोडतं, मागे येणाऱ्याला मात्र घट्ट धरतं. ड्रिलची बाजूची मूठ हातातून सुटून बोटांवर आपटली. नट सोडून स्टार्टर पुलीच्या बोल्टांवर तबकडी बसवायची म्हणून कुडाळच्या लेथवाल्याला मापं दिली होती. पण हे लिहिताना सुचतंय, ड्रिलची क्लच रिंग (ठराविक जोराला घसरणारी आकड्यांची कडी) कशाला आहे? झटका आला की तीच घसरेल. तबकडी थांबवतो.

एक खबरदारी: बऱ्याच मॉडेलांत दोरीच्या स्टार्टरचं झाकण काढलं की गिअरमध्ये इंजिन चालू होऊ न देणारा खटकाही निघतो. न्यूट्रल हाताने तपासा, लाल दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) मनगटात अडकवा.

रविवारी ओहोटीला रिंग मधल्या आकड्यावर ठेवून सुरुवात, मग एकेक वाढवत जाईन. स्टार्टरची दोरी फळीखाली आहेच. बॅटरी एकच आहे.